सुंठीची वाटी

सुकापूर, पनवेल
४ ऑक्टोबर २०२४

ती. आईंस,
नीताचा सा. न. वि. वि.

आज सकाळी माझ्या चष्म्याच्या घरातून झुरळ निघाले. चष्मा नसल्याने मला ते नीट दिसले नाही. त्याने मात्र मला सावकाश पाहून घेतले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगितले तर बातमी सोसायटीभर होते, म्हणून पत्र.

तुमच्या दोन्ही मांजरी, सुंठ आणि जायफळ, पाहुण्यांसारख्या बसून झुरळांची वरात बघतात. वर तुमचे नाव कोरलेल्या वाट्यांत जेवतात, आणि त्यांचे उरलेले अन्न झुरळे संपवतात.

फवारणीवाल्याला बोलावू का? पाय बरा होऊन तुम्ही चारुताताईंकडून परत याल, तोवर घर स्वच्छ असावे.

तुमचा लोभ मांजरींच्या निम्मा तरी असावा.
सौ. नीता

आपटा
९ ऑक्टोबर

चि. सौ. नीतास अनेक आशीर्वाद.

फवारणी अजिबात नको. मांजरी फरशीवरून चालतात आणि मग पाय चाटतात. तेवढं विष पुरतं त्यांना. फटींत जेल लाव, सिंक कोरडं ठेव, आणि त्यांचं खाणं झालं की वाट्या लगेच उचलून घास. तेवढं वाकायला तुला वेळ नसतो, हे मी तिथे असतानाही बघत होते.

लेक मला इथे कुकरसुद्धा उचलू देत नाही. कधी एकदा घरी येते आणि सुंठ मांडीवर येऊन बसते, असं झालंय. बारा वर्षांची आहे ती. जप तिला.

आशीर्वाद, रागासकट.
आई

सुकापूर
१९ ऑक्टोबर

ती. आईंस नमस्कार.

मी फवारणी करून घेतली. माणूस म्हणाला, औषध हर्बल आहे, मांजरींना चार तास बाहेर ठेवा. मला तेच ऐकायचे होते. मोजून चार तास दोघींना गॅलरीत ठेवले. संध्याकाळी सुंठ पाय चाटत बसली. सकाळी तिचे अंग थरथरत होते, तोंडातून लाळ. डॉक्टरांनी दोन दिवस सलाइन लावले. काल ती गेली.

अविनाश म्हणाला, आईला म्हातारपण म्हणून सांगू. मला ते जमले नाही. जायफळ बरी आहे.

ओट्यावर आज पुन्हा झुरळ दिसले.
नीता

आपटा
२४ ऑक्टोबर

चि. सौ. नीतास आशीर्वाद.

पत्र पोचलं. खरं लिहिलंस, ते बरं केलंस.

चारुताने मागची खोली रिकामी करून दिली आहे. मी आता इथेच राहीन. पाय बरा आहे. जायफळला अविनाशबरोबर पाठव. माझ्या वाट्याही.
आई

सुकापूर
१ नोव्हेंबर

ती. आईंस सा. न.

रविवारी अविनाश जायफळला टोपलीतून घेऊन येतो आहे. तुम्ही चार शब्द बोलला असता, तर मीही नेहमीसारखे उलट उत्तर दिले असते. परत या म्हणायचे तोंड मला नाही. तुमच्या कॉटवर धुतलेली चादर घातली आहे, एवढेच कळवते.

दोन्ही वाट्या घासून सोबत दिल्या आहेत. भांडे रिकामे परत करू नये, हे तुम्हीच शिकवलेत, म्हणून सुंठीच्या वाटीत साखर घातली आहे. वरून फडके घट्ट बांधले आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून.

नीता