जावई जेवला, त्याची हकिकत

सास्तूर, ता. लोहारा
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप कडूबाई आक्का यांना,

धाकट्या वैजनाथचा साष्टांग नमस्कार. इकडं आम्ही दोघं, म्हैस आणि चार कोंबड्या खुशाल आहोत (कोंबड्या गेल्या आठवड्यापर्यंत पाच होत्या, तो विषय पुढं येईल). तुमची तब्येत कशी आहे? दाजींच्या गुडघ्याची सूज उतरली का? मी सांगितलेला एरंडाचा पाला बांधला असेल तर उत्तम. बांधला नसेल तरी माझं काही म्हणणं नाही. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, ज्यानं ऐकायचं नाही असं ठरवलंय त्याच्याशी हुज्जत घालू नये, एवढं मी तिथंच शिकलो.

फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. आक्का, तुम्ही फोन कानाला लावत नाही, तळहातावर ठेवून बोलता, आणि माझा शब्द न् शब्द अणदूरच्या स्टँडपर्यंत ऐकू जातो. शिवाय तुमची सून दीपाली आणि आमची निकिता दिवसभर मोबाइलवर एकमेकींना काय काय पाठवत असतात. म्हणून हे गावातल्या धोंडीबाच्या हाती देतोय, तो रविवारी तुमच्याकडं खंडोबाला येणारच आहे. चष्मा लावून स्वतः वाचा. दीपालीकडून वाचून घेऊ नका. वाचून झालं की चुलीत घाला.

विषय आपल्या जावयाचा. 'आपल्या' म्हणतो, कारण लोहाऱ्याचं हे स्थळ तुम्हीच आणलं होतं. कृष्णराज माणूस म्हणून सोनं आहे. पुण्यात नोकरी, बोलणं मऊ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण लग्नाला सव्वा वर्ष झालं आणि ह्या सोन्यानं सासुरवाडीत एक घास खाल्ला नव्हता. दिवाळीला आला तो डबा घेऊन. संक्रांतीला आला, पुन्हा डबा. निकितानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, ह्यांना गव्हाचा त्रास होतो. ग्लूटेन चालत न्हाय." ग्लूटेन म्हणजे गव्हातला चिकटपणा, असं मी समजून घेतलं. (तो चिकटपणा नसता तर पुरणपोळी लाटली कशी असती, हे विचारायचं राहिलं.) बरं, डबा खायचा तर घरात बसून खावा. तो ओसरीवर बसून खायचा, अख्ख्या गल्लीसमोर. शेजारच्या कोंडाबाईनं तर उमादेवींना, म्हणजे तुमच्या भावजयीला, तोंडावर विचारलं, "व्हय गं, जावयाच्या मानपानात काय कमी पडलं का? का ईख-बीख घालताव म्हून भ्येतंय त्ये?" तुम्हाला माहीत आहे, मी शांत स्वभावाचा आहे. मी तिच्या अंगणात जाऊन फक्त अर्धा तास बोललो.

आणि त्यात हा धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिला! आक्का, धोंड्यात जावई सासऱ्याच्या दारातून उपाशी गेला, तर त्या सासऱ्यानं गावात तोंड कुठल्या बाजूनं दाखवायचं? मी ठरवलं, ह्या खेपेला जावई माझ्या घरचं जेवूनच जाईल. पण वाढायचं काय? धोंडे गव्हाचे, पुऱ्या गव्हाच्या, शेवयाची खीर गव्हाची. जावयाला मान द्यायचा म्हणजे गहू द्यायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. (अनारसे तांदळाचे असतात हे मी निकिताला सांगून बघितलं, तर त्यात गूळ निघाला, आणि तिच्या यादीत गोडही बंद.) ती म्हणाली, ज्वारीची भाकरी करा, ती चालते. हे ऐकून उमादेवी मटकन खाली बसल्या. "जावयाला भाकरी? आन् धोंड्यात? लोक शेण घालतील तोंडात!" भाकरी आपण रोज खातो, म्हणजे आपण जन्मापासून ग्लूटेनशिवायच वाढलो, हे मी त्यांना समजावलं. आपण रोज खातो म्हणूनच ती पाहुण्याला वाढायची नसते, हे त्यांनी मला समजावलं. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळं त्यांचं बरोबर ठरलं.

मग निकितानं एक कृती पाठवली. तीन पानं. कोंबडीचं आरोग्यदायी करी सूप, त्यात भाजीच्या शेवया. कोंबडी म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. पहिल्या दिवशी धोंडे आणि दुसऱ्या दिवशी सागुती अशी आपली रीतच आहे, आपण एक दिवस गाळला असं समजायचं.

पहिला जिन्नस झुकिनी. लोहाऱ्याच्या बाजारात मी बारा जणींना विचारलं. एकीनं तोंडली दाखवली, एक म्हणाली मेडिकलात बघा, आणि लक्ष्मम्मा म्हणून कर्नाटकाच्या बाजूची एक बाई आहे, तिनं "इल्ला, इल्ला" म्हणजे 'नाही, नाही' म्हणत माझ्या पिशवीत दोन दुधी कोंबले आणि विषय संपवला. दुसरा जिन्नस करी पावडर. किराणावाला म्हणाला, करी म्हणजे कालवण, कालवणाची पावडर म्हणजे काळा मसाला, तो तुमच्या घरी डबाभर आहे, चला, पुढचं बोला. (अशा माणसाला मंत्री करायला पाहिजे.) मग कोंबडीच्या हाडांचं चार तास उकळलेलं पाणी. ते वाचल्यावर उमादेवी म्हणाल्या, "आगं बया, ह्ये तर आपलं अळणी!" खरंच की. बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला तिखट घालायच्या आधी जे पाणी पाजतो, त्याचीच ही तीन पानं.

भाजीच्या शेवयांना वेगळं यंत्र लागतं. ते कुठलं आणायचं? पण गव्हाच्या शेवयांचं यंत्र कोंडाबाईकडं आहे. उन्हाळ्यात अख्खी गल्ली त्यावर शेवया करते. ज्या अंगणात अर्धा तास बोललो, त्याच अंगणात यंत्र मागायला जाणं काय असतं ते मी सांगत बसत नाही. गेलो. शनिवारी दुपारी यंत्र बाकड्याला आवळलं, दुधीच्या फोडी वरून घातल्या आणि दांडा फिरवला. पहिल्या फेऱ्याला खालून पाणी आलं, दुसऱ्याला लगदा आला आणि तिसऱ्याला दांडा माझ्या हातात आला. नेमकं त्याच वेळेला लेक-जावई दारात. निकितानं ना पाणी घेतलं, ना ती पाया पडली. सरळ यंत्राजवळ गेली, जाळीत वाळून बसलेला एक कण नखानं काढला, उजेडात धरला आणि साप निघाल्यासारखी ओरडली, "आबा! कणीक!" सगळा लगदा म्हशीपुढं गेला. यंत्र परत न्यायला गेलो तेव्हा कोंडाबाई माझ्याशी बोलली. तीही अर्धा तासच बोलली, पण मला तासभर वाटलं. शेवटी उमादेवींनी विळी ओढली आणि दहा मिनिटांत दुधीच्या लांबच लांब शेवया परातीत टाकल्या. हे आधी का नाही केलं, असं मी विचारलं. "मला कुणी इचारलं?"

रविवारी पाचवी कोंबडी गेली. निकिता मोबाइलवर घड्याळ लावून चुलीजवळ उभी. मला पळीला हात लावू देईना. बारा वाजता मी पातेल्यात डोकावलो, तर आत माझंच तोंड दिसलं, आणि ते तोंड काही आनंदात नव्हतं. आक्का, इतका पातळ रस्सा! जावयाच्या वाटीत हे पाणी ओतायचं आणि भिंतीपलीकडून कोंडाबाईनं बघायचं? माझा जीव तुटत होता. तेवढ्यात निकिताला फोन आला. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, ती वर गेली. उमादेवी नळाला पाणी आलं म्हणून बाहेर गेल्या. मी चुलीपाशी एकटाच राहिलो. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. पण निकिता खाली आली तेव्हा रस्सा चांगला दाट झाला होता, वर तवंग आला होता आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. दुधीचे तंतू सुटल्यामुळं दाटपणा येतो, असं तिनं मला समजावलं. मी मान डोलावली.

कृष्णराजनं पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबला. माझ्याकडं बघितलं. पातेल्याकडं बघितलं. मग मान खाली घातली ती चौथी वाटी संपल्यावरच वर केली. चार वाट्या, आक्का! दुधीच्या शेवयांसकट! तिसरी वाटी मी मुद्दाम ओसरीवर उभा राहून मोठ्यानं आग्रह करत वाढली, आणि कोंडाबाईचं डोकं भिंतीवरून हळूच खाली गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाजत नाही सांगायला. निकितानं फोटो काढून तिच्या बायकांना पाठवला. (ती आता आहार-मार्गदर्शक आहे. पुण्यातल्या साठ बायका तिला विचारून जेवतात.) स्वतः मात्र तिनं अर्धी वाटी घेतली आणि पोट भरलं म्हणाली. तिची काडीसारखी मनगटं बघवत नव्हती.

असो. जावई जेवला, आपल्या घराण्याची अब्रू राहिली, हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं लिहिलं. दाजींना नमस्कार सांगा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. आक्का, चुलीपाशी काय झालं ते मला चांगलं आठवतंय. फळीवर तुम्ही दिलेला येसराच्या भाजक्या पिठाचा डबा होता. रस्सा पातळ दिसला की येसर लावायचं, हा हात आईपासूनचा आहे, डोक्याला विचारून चालत नाही. दोन मुठी टाकल्या. येसरात तुम्ही डाळींच्या जोडीला गहू भाजून घालता, हे दुसरी मूठ पडल्यावर आठवलं. ज्याला खरा आजार आहे त्याला गव्हाची चिमूटही बाधते, हे निकितानं दहा वेळा सांगितलेलं. कबूल करून टाकावं म्हणून मी दोनदा जावयाजवळ गेलो, दोन्ही वेळा त्यानं वाटी पुढं केली. आणि मी ती भरली. गावातल्या मानासाठी मी लेकीचं कुंकू पणाला लावलं, आक्का. असला बाप मी बघितलेला नाही.

सोमवारी सकाळी धार काढत होतो, तर कृष्णराज गोठ्यात आला. हळूच म्हणाला, "मामा, कालच्या रश्श्यात येसर होतं न्हवं?" चरवी माझ्या हातातून सुटली. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्यानंच मला धरलं. म्हणाला, "मला गव्हाचा काय बी त्रास न्हाय. लग्नानंतर पाहुण्यांकडं एका दिवसात पाच ठिकाणी जेवलो, पोट फुगलं. निकितानं मोबाइलवर बघून शोध लावला की हा गहू. तिला इतका आनंद झाला मामा, की मला न्हाय म्हणवंना. आता साठ बायकांपुढं नमुना म्हणून मीच असतो." आणि मग, इकडंतिकडं बघून, "एक डबा मिळंल का? निकिताला कळू देऊ नका."

तेव्हा आक्का, पत्र लिहायचं खरं कारण एवढंच, की दोन किलोचा एक डबा येसर धोंडीबाकडं द्या. पुण्याला मी पोचवतो.

आणखी ता. क. एक नाही, दोन डबे द्या. सोमवारी एसटीत बसताना निकितानं मला मागं ओढलं. लहानपणी ही पोरगी तुमच्या डब्यातलं येसर गुळाबरोबर चाटायची, आठवतंय ना? तिनं पहिल्याच घोटाला ओळखलं होतं, पण तोवर जावयाच्या चार वाट्या होऊन गेल्या होत्या. मला वाटलं आता स्टँडवर तमाशा. तर डोळे भरून म्हणाली, "आबा, मला आता मागं फिरता येत न्हाय, साठ बायका आहेत. पण आत्याकडून थोडं येसर मागवा. ह्यांना सांगू नका, ह्यांना त्रास होतो." रविवारी रिकामं पातेलं बोटानं पुसून खाताना तिच्या आईनं तिला बघितलं होतं. मला आज सांगितलं. मी विचारलं नव्हतं म्हणे.

शेवटचं, चि. दीपालीस आशीर्वाद. सूनबाई, हे तूच आधी वाचते आहेस, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. दोन्ही डबे सारखेच घे. एकावर जवसाची चटणी आणि एकावर शिकेकाई लिहावं, असं आधी मनात होतं. पण नको. दोन्हींवर 'मेंदी' असंच लिही. एकाच फळीवर मेंदीचे दोन डबे आले, की दोघांतलं कुणीतरी झाकण उघडून बघेलच. आणि निकिताला आत्ता काही कळवू नकोस, तेवढं मामाचं ऐक. धोंडा सरायला अजून बारा दिवस आहेत. इकडं मी धोंड्यांसाठी गहू दळून आणलेत, पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे.