सुलतानबीचा छोटा डबा

अहमदपूर,
पाडव्याची संध्याकाळ

प्रिय सुलतानबी,

फोन उचलून दोन मिनिटांत सांगता आलं असतं, त्यासाठी मी कागद घेऊन बसले आहे. म्हणजे तूच समज की फोनवर बोलायची माझी छाती नाही. अठ्ठावीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं आणि आता स्वतःवर वेळ आली तर तीन कागद फाडून झालेत. पुनम दोनदा डोकावून गेली. सासूबाई या वयात कुणाला एवढं लांबलचक लिहून राहिल्यात, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आधी खुशाली सांगते. माझी तीन महिन्यांची शुगर अकरावरून सातवर आली. रोज सकाळी मोंढ्यापर्यंत चालत जाऊन येते. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतं कोण. तुझ्या गफूरभाईंना सांग, त्यांनी उदगीरला शिवून दिलेले जुने ब्लाउज पुन्हा अंगात बसायला लागलेत. त्यांच्या शिलाईला तोड नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, ते आता बोलते.

आज गुढी उतरवताना मला उदगीरची ती स्टेशनमागची गल्ली आठवली. तुझं-माझं घर एका भिंतीला भिंत लावून. मी नवीन मास्तरीण, शिवम कडेवर. पहिल्या ईदला तू शिरखुर्म्याचा डबा दिलास आणि मी तो घासूनपुसून परत द्यायला निघाले, तर माझ्या सासूबाईंनी मला उंबऱ्यातच अडवलं. "रिकामं भांडं माघारी देत्यात व्हय कुणी?" म्हणाल्या आणि डब्यात मूठभर शेंगदाणे अन् गुळाचा खडा टाकला. तेव्हापासून तुझा डबा माझ्याकडून कधी रिकामा गेला नाही, की माझा तुझ्याकडून. बदली होऊन मी अहमदपूरला आले तरी चुकलं नाही. तू एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायचीस आणि शिवम बसस्टँडवर वाट बघत उभा असायचा. मला तर वाटतं, आपल्या शिरखुर्म्याचा वास त्या मार्गावरच्या सगळ्या कंडक्टरांना पाठ झाला होता.

आता मुद्द्यावर येते. किती वेळ टाळणार?

दोन वर्षांपूर्वीही पाडवा आणि ईद अशीच पाठोपाठ आली होती. मला शुगर निघून तेव्हा सहा महिने झाले होते. घरात गोडाचं नाव काढायची सोय नव्हती. पुनमनं साखरेचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता, जणू मी शाळा बुडवणारं पोर. तुला मी फोनवर रडगाणं ऐकवलं आणि तू त्या ईदला दोन डबे पाठवलेस. मोठा लेकराबाळांसाठी, नेहमीसारखा. छोटा माझ्यासाठी, त्यात साखर नाही, खारकाही मोजक्याच, बाकी दूध आणि चारोळ्या. आधी फोन करून बजावलंस, "तारा, छोटा तुझा हाय. मोठ्याला हात लावायचा न्हाई, आन् छोट्यातलंबी जेवल्यावरच." तुझे शब्द जसेच्या तसे आठवतात.

सुलतानबी, मी दोन्ही डबे खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुनम आणि शिवम लेकरांना घेऊन माळेगावला पाहुण्यांकडे गेले होते. मी फ्रिजपाशी उभी राहून, दाराकडे कान देऊन, मोठा डबा सकाळपासून दुपारपर्यंत संपवला. आणि फक्त तेवढंच नाही. पाडव्याची साखरेची गाठी माझ्या उशीखाली होती. त्याआधी पंधरा दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातले पेढे पदराखाली घरात येत होते. सणासुदीला कसलं औषध म्हणून गोळ्यांनाही सुट्टी दिली होती. संध्याकाळी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, ती शुद्धीवर आले लातूरच्या दवाखान्यात.

गाठी कुणाला माहीत नव्हती, पेढे कुणाला माहीत नव्हते. घरच्यांना दिसला तो फक्त ओट्यावरचा तुझा रिकामा डबा. शिवमनं माझ्या खाटेशेजारी उभं राहूनच तुला फोन लावला. काय काय बोलला तो तुला! कळत कसं नाही म्हणाला, माझ्या आईचा जीव घ्यायला निघाला होता का म्हणाला. तू एका शब्दानं सांगितलं असतंस की छोटा डबा वेगळा होता, तर तो गप्प झाला असता. तू सांगितलं नाहीस. फोनमधून मला तुझा आवाज आला, "चुकलं बेटा माझं, पुन्हा न्हाई पाठवणार." मी जागी होते ग. सगळं ऐकत होते. आणि मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी.

त्यानंतर तू पाठवलं नाहीस. गेल्या वर्षी भेटायला आलीस ती शेंगदाण्याची चटणी आणि चार संत्री घेऊन, दवाखान्यात पेशंटला बघायला यावं तशी. खुर्चीच्या कडेला बसलीस, बिनसाखरेचा चहा घेतलास आणि चारची गाडी गाठायची म्हणून उठलीस. तू गेल्यावर मी खूप रडले. पुनमला वाटलं, शुगर वाढली.

लातूरला आहार सांगणारी एक मुलगी आहे, अलीझा. मला वाटलं, ही आता हे नको ते नको म्हणून यादी देणार. तिनं पहिलं विचारलं, काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं? माझ्या तोंडून निघून गेलं, सुलतानबीचा शिरखुर्मा. मी तिला असंही सांगून बघितलं की गुळानं शुगर वाढत नाही म्हणतात. ती इतकी हसली की मीच ओशाळले. मग तिनं रीत लावून दिली. सणाला गोड खायचं तर छोटी वाटी, जेवणानंतर, आणि त्या दिवशी ताटातली भाकरी अर्धी करायची, गोळी चुकवायची नाही. उपाशीपोटी नाही, चोरून तर नाहीच. सगळ्यांसोबत बसून खायचं आणि मग चालायला जायचं. संक्रांतीला मी तशी अर्धी तिळाची पोळी खाल्ली, चांगली पाव तास लावून. खरं सांगू, फ्रिजपाशी उभं राहून मी तुझा अख्खा डबा खाल्ला, पण त्याची चव मला आठवत नाही. त्या अर्ध्या पोळीची अजून जिभेवर आहे.

आज सकाळी गुढीला गाठी बांधताना मी शिवमला सगळं सांगितलं. गाठी, पेढे, दोन डबे, झोपेचं सोंग, सगळं. तो म्हणाला, "आई, मी मावशीला काय बोलून बसलो." तुला लहानपणापासून मावशी म्हणतो, हे त्या दिवशी तो विसरला होता. मीही विसरले होते. मला माफ कर, सुलतानबी.

तर उद्या हे पत्र कंडक्टरच्या हाती येणार नाही. घेऊन येणारा शिवमच आहे. त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस, फार तर दोन शब्द सुनाव, त्याची तयारी आहे. त्याच्या हातात तुझे दोन्ही डबे आहेत. मोठ्यात पुरणपोळ्या आहेत, तुझ्या नातवंडांना, अम्मार आणि जिक्राला पुरतील इतक्या, आणि एक गफूरभाईंना. छोटा मात्र मी मुद्दाम रिकामा पाठवते आहे. सासूबाई असत्या तर आज मला पुन्हा उंबऱ्यात अडवलं असतं. पण परवा तुझी ईद आहे आणि मला तो भरून हवा आहे. तूच घेऊन ये, आणि चारच्या गाडीचं नाव काढू नकोस. तुझ्यासमोर, शिवमसमोर, पुनमसमोर बसून मी एक वाटी खाणार आहे.

तुझीच,
तारा