वेळेवर आलेलं शून्य

२ डिसेंबर, सोमवार

पुन्हा सुरू! हंगाम अजून यायचाय, पण साहेबांचे फोन सुरू झाले, म्हणजे आलाच म्हणायचा.

शहरातले ठरलेले दवाखाने दर सोमवारी मला कळवतात — ताप आणि खोकला घेऊन आठवड्यात किती जण आले. त्यातल्या काहींच्या नाका-घशातले नमुने लॅबमध्ये जातात. फ्लू कितीत निघाला, कुठल्या प्रकारचा निघाला, ते मी आलेखावर चढवते. रेष ठरलेल्या पातळीच्या वर गेली की सगळ्यांना जागं करायचं. इस्पितळं, वृद्धाश्रम, शाळा. ताई म्हणते, शहराची नाडी धरून बसलेली बाई. नाडी कसली, दिवसभर फोन धरून बसलेली असते.

घरी आले तर बाबा दारातच. "काय म्हणते तुझी रेष?" म्हटलं, झोपलीय.

५ डिसेंबर

जेवताना बाबांना कामातलं सांगत होते. त्यांना सांगण्यात मजा आहे. आयुष्यभर वजनमापं तपासली या माणसानं. दुकानात पाऊल टाकलं की दुकानदाराला घाम फुटायचा.

म्हटलं, आमची एक मोठी पंचाईत आहे. लोक घरूनच तापाची गोळी घेऊन दवाखान्यात येतात. तिथे थर्मामीटर लावला की ताप नाही. मग माणूस फ्लूनं फणफणलेला असला तरी आमच्या मोजणीतून निसटतो.

बाबा घास हातात धरून थांबले. "म्हणजे पारड्याखाली चुंबक लावल्यासारखं."

अगदी तेच!

मग चुंबकवाल्या दुकानदाराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. शंभरदा ऐकली असेल. तरी हसले.

९ डिसेंबर, सोमवार

दोन दवाखान्यांकडून काहीच आलं नाही. दोघांना फोन करून झापलं. शून्य आणि कोरं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि काही नव्हतं. कोरं म्हणजे कुणी पाहिलंच नाही. पुलापलीकडचा दवाखाना तेवढा शहाणा. सकाळी पहिली माहिती त्यांचीच. शून्य असलं तरी वेळेवर!

बाबांना हे फार आवडलं. "शून्यसुद्धा कळवायचं," असं दोन-तीनदा म्हणाले.

१० डिसेंबर

मीटिंगमध्ये बाबांचा फोन. घाबरून उचलला. तर — "घराचा अहवाल. ताप शून्य, खोकला शून्य, कटकट शून्य." फिसकन हसले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आता रोज दुपारी अहवाल देणार आहेत म्हणे.

१३ डिसेंबर

रोज देतायत! एक दिवस चुकला नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

रेष हलली. लॅबवालीनं स्वतः येऊन सांगितलं, तिच्या डोळ्यांत चमक. आमची जात विचित्रच — लोक आजारी पडायला लागले की आम्ही जागे होतो.

बाबांना खोकला झालाय. "थंडीचा आहे, दरवर्षीचा पाहुणा." लस दोघांनीही घेतलीय, पण त्यांच्या वयाला तिचा भरवसा कमीच. आल्या आल्या थर्मामीटर लावला. ताप नाही. दाखवून येऊ म्हटलं तर म्हणतात, "ताप नाही म्हणजे मी तुझ्या मोजणीत बसत नाही. जेवून घे." माझंच बोलणं माझ्या तोंडावर!

१८ डिसेंबर

लॅबवाली म्हणाली, "पुलापलीकडे सगळे ठणठणीत कसे गं? माझी मावशी राहते तिथे. अख्खी इमारत खोकतेय." मी पर्स उचलली आणि तिकडेच गेले.

दवाखान्याच्या जिन्यापर्यंत माणसं बसलेली. डॉक्टर महिनाभर रजेवर. एकटी नर्स, तिचाच आवाज बसलेला. नोंदी कोण करतं विचारलं तर म्हणाली, "कोण करणार, मॅडम? जागा रिकामी ठेवली की तुमचा फोन येतो. शून्य टाकलं की येत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच तिला झापलं. एवढे दिवस मी या बाईचं कौतुक करत होते!

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. वाटलं, माझ्याहून जास्त भडकतील. वजनात चिमूटभर खोट असली तरी ज्यांनी कुणाला सोडलं नाही, ते म्हणाले, "एकटी आहे बिचारी. किती बघेल?"

म्हातारपणी मऊ झालेत. ताप पाहिला. नाही.

१९ डिसेंबर

"ताप शून्य, खोकला थोडा, कटकट शून्य."

२१ डिसेंबर, शनिवार

साहेबांशी कडाक्याचं वाजलं. रेष पातळीला टेकलीय, ते म्हणतात अजून एक आठवडा पाहू. म्हटलं, आठवडाभरानं इशारा नको द्यायला, बातमीच द्या. सोमवारपर्यंत थांबायचं ठरलं.

बाबांचा चेहरा उतरलाय. दूध अर्धंच प्यायले. म्हटलं, सोमवारी रजा टाकते, इस्पितळात जाऊन येऊ. एकदम चिडले. "गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घरी बसलीस, आणि तुझ्या माघारी ती रेष कुणी बघितली नाही. इशारा उशिरा गेला. वृद्धाश्रमातली माणसं गेली म्हणून महिनाभर तुला घास जात नव्हता. विसरलीस?" विसरले नव्हते. पण त्यांना एवढं लागलं असेल असं वाटलं नव्हतं.

थर्मामीटर दोनदा लावला. दोन्ही वेळा नाही. त्यांचाच जुना नियम — शंका आली तर दुसऱ्यांदा मोजा.

२३ डिसेंबर

इस्पितळातून लिहितेय. हातात दुसरं काही नाही म्हणून.

सकाळी रेष वर गेली. साहेबांनी लगेच सही करून दिली. दुपारपर्यंत इशारा सगळीकडे पोचला, वृद्धाश्रमांनी भेटी बंद केल्या. सगळे माझं अभिनंदन करत होते. चार वाजता चहा पुढे आला तेव्हा लक्षात आलं — आज घराचा अहवाल आलेला नाही.

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेले होते. मला पाहिलं, पण ताई समजून बोलत होते. अंग भट्टीसारखं.

२४ डिसेंबर

दोन्ही फुप्फुसांत पसरलंय. डॉक्टर म्हणाले, "गेला आठवडाभर तरी यांना ताप असणार." म्हटलं, नव्हता, मी रोज बघत होते. त्यांनी कागदावर आठवडाच लिहिला. फ्लूचं औषध सुरू केलंय. पहिल्या दोन दिवसांत द्यायचं असतं ते. हे मीच सगळ्यांना सांगत असते.

२६ डिसेंबर

बाबा गेले.

३० डिसेंबर, सोमवार

ताई येऊन गेली. तिच्या लेकीला आठवा महिना, जपायला सांगितलंय, म्हणून तिला राहता येईना. जाताना दारात मला धरून रडली.

ऑफिसला गेले. घरात बसून काय करू? लॅबवालीनं निकाल आणून ठेवले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. नमुन्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. पण वय असतं, इस्पितळ असतं. तो ओळखायला मला कितीसा वेळ लागणार?

आलेखावर चढवला. रेष जराशीच हलली.

६ जानेवारी

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे झोपेची गोळी मिळते का विचारायला गेले. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणाला. मग जरा घुटमळला.

"बाबांचं ऐकलं. फार वाईट झालं. शेवटी शेवटी फार नेत होते हो तापाच्या गोळ्या. मी म्हटलंसुद्धा, एकदा मुलीला दाखवा. तर म्हणाले, मुलीनंच सांगितलंय."

मुलीनंच सांगितलंय.

जेवणाच्या टेबलावर, हसत हसत, मीच सांगितलं होतं. मी घरी यायच्या आधी गोळी. मग थर्मामीटर, मग "जेवून घे". पारड्याखाली चुंबक! या माणसानं! आणि मी दोनदा मोजून निर्धास्त झोपले, कारण त्यांचं माप खोटं असेल हे जगात कुणाच्याच मनात आलं नसतं.

नर्सला मी एका फेरीत पकडलं. घरातल्या माणसाचं शून्य मात्र वेळेवर येत होतं, म्हणून कधी पाहिलंच नाही.

७ जानेवारी

फार राग आलाय. कुणी ठरवायला सांगितलं होतं तुम्हाला, बाबा? रेष महत्त्वाची की तुम्ही, हे मला विचारायचं तरी! मी घरी बसले असते. खरंच बसले असते.

बसले असते ना?

९ जानेवारी

ताईच्या लेकीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, चिमणीएवढी आहे म्हणे. ताई रात्रंदिवस तिथेच. तरी मला रोज दुपारी फोन करते. बाबांच्या वेळेला.

१४ जानेवारी

पुलापलीकडे जाऊन आले. नर्सला मदतनीस मिळवून दिलीय, साहेबांशी भांडून. तिनं चहा पाजला. मी तिला झापलेलं ती विसरलीय, किंवा तसं दाखवते. येताना अंग फार दुखत होतं.

१५ जानेवारी

आज गेले नाही. सकाळपासून थंडी वाजतेय. साहेबांना कळवलं, उद्या नमुना द्यायला जाईन.

दुपारी ताईचा फोन. मागे बाळ रडत होतं. "आवाज का असा येतोय तुझा? बरी आहेस ना? खरं सांग, मी लगेच निघते. ताप आहे का गं?"

थर्मामीटर हातातच होता. पारा पार वर गेलेला.

"घराचा अहवाल," म्हटलं. "ताप शून्य."