भट्टी सुहादला, बोरॉनची भांडी बासिलला

मी, रुश्दी झाहिदा, वय एकाहत्तर, धंदा काच फुंकणे, राहणार अल-खलील. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की:

घर आणि ऑलिव्हची झाडे शरियतप्रमाणे धाकटा मुलगा बासिल याला जातील. एक तृतीयांश मालमत्ता मला वारसांबाहेर देता येते, त्यात भट्टी व फुंकनळ्या बसतात. त्या मी सुहादला देतो. सुहाद म्हणजे माझा थोरला हातेम, त्याची विधवा.

आता कारण. आम्ही जुन्या बाटल्या वितळवतो. नुसती वाळू वितळवणे आमच्या भट्टीच्या बापाला जमणार नाही. सोडा वाळूच्या कणांची पकड सैल करतो. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळेल, म्हणून चुना तिला धरून ठेवतो. बाटलीत हे आयतेच असते. लोखंडाच्या अंशाने ती हिरवट दिसते, कोबाल्टच्या चिमटीने निळी होते. हे सगळे बासिलला पाठ आहे. तरी गेल्या रमजानात पठ्ठ्याने भंगारातली ओव्हनची काचेची भांडी भट्टीत लोटली.

“काच ती काच, बाबा!”

“त्यात बोरॉन असतो, गाढवा! बाटलीची काच तापली की फुगते, ही फारशी फुगत नाही. निवताना दोघींचं जमायचं कसं?”

“सवती आहेत का त्या?”

ईदचे सगळे पेले तडकले. सुहाद एवढेच म्हणाली, “भाऊजी, कड बघत जा. हिरवी झाक नसेल तर बाजूला ठेवा.”

उरलेली भांडी बासिलला. त्यांत कोंबडी छान भाजते.

भट्टी मोडून त्याला मोबाइलचे दुकान काढायचे आहे. खुशाल काढावे, दुसऱ्या गाळ्यात.

माझी बहीण मुनीरा म्हणते, “सून उद्या दुसरं लग्न करील, भट्टी परक्याच्या घरात जाईल!” मुनीराला काही ठेवत नाही; तिच्याकडे सल्ले भरपूर आहेत. सुहाद बत्तीस वर्षांची आहे. तिने लग्न करावे, न करावे, भट्टी तिचीच. हातेम गेल्यावर मी भट्टी विझू देणार होतो. ही पोर रोज सकाळी येऊन ती पेटवायची, म्हणून मी जगलो. तिला हे तोंडाने सांगणे मला कधी जमले नाही.

अल-खलील, १४ ऑक्टोबर २०१८
सही: रुश्दी झाहिदा
साक्षीदार: नाजी दुवैक, शेजारी, वाएल शाहीन, शिक्षक

वारसाने वाचून स्वतःच्या हाताने लिहिले: माझी हरकत नाही. वहिनीचं लग्न ठरलं तर जेवण माझ्याकडे. बासिल