पुसलेला लेख ताईकडे कसा पोहोचला

चि. छकुलीस मामाचे पोटभर आशीर्वाद (जन्मभर दातांच्या कवळ्या केलेला माणूस आशीर्वाद दुसरे कुठले देणार?). तुझी मान आता दुखत नसेल आणि डोळ्यांना तू मधून मधून विश्रांती देत असशील, असं धरून चालतो. इकडे मामीचा गुडघा आणि माझी कंबर पाळीपाळीने दुखतात, त्यामुळे घरात एक माणूस कायम उभा असतो.

तर तू फोनवर म्हणालीस की मामा, नुसता ब्लॉग लिहून भागत नाही, त्याला फीड लावा. फीड म्हणजे कोंबड्यांचं खाद्य, एवढंच मला ठाऊक. तू समजावलंस की ब्लॉगच्या फीडचा एक पत्ता असतो, तो वाचकाने आपल्या फोनवरच्या फीड रीडर नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकला की आपण लिहिलेलं नवं काही आपोआप त्याच्याकडे जाऊन पडतं, दारात वर्तमानपत्र पडावं तसं. मी लगेच सेटिंगमध्ये शिरलो, फीड चालू केलं, ब्लॉगच्या कडेला 'सदस्य व्हा' असं बटण बसवलं (जरा तिरकं बसलं, कवळी अशी बसली असती तर गिऱ्हाइकाने अंगावर फेकली असती) आणि चालतंय का बघायला तो पत्ता माझ्याच रीडरमध्ये टाकून पाहिला. दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर दिसलं, सदस्य एक. कालचं सगळं विसरून मी मामीला सांगितलं की आपल्याला वाचक मिळाला, माणूस जाणकार दिसतो. चहा गाळता गाळता ती म्हणाली की तो जाणकार आत्ता बनियनवर तिच्यासमोर उभा आहे.

मग मी इतरांचे फीड घ्यायचा सपाटा लावला. एक बाई फक्त आपल्या मांजरीवर लिहितात, एक गृहस्थ जुनी कुलपं खोलतात. एका बातम्यांच्या साइटचंही फीड घेतलं, तर न वाचलेल्याचा आकडा असा फुगला की ताटावरून उठून मी वाचायला बसायचो. शेवटी मामीनेच ते काढून टाकलं. या सगळ्या धांदलीत माझे सदस्य एकाचे दोन झाले. हे दुसरे कुलूपवाले असणार, असा माझा समज.

आता खरी गोष्ट. तुझ्या आईचं, म्हणजे ताईचं, आणि माझं बोलणं बंद होतं. त्याचं कारण तू तिच्याकडून ऐकलं असशील. माझ्याकडून ते असं, की मी तिला माझ्या हातची कवळी करून दिली आणि तिने भरल्या लग्नघरात सांगितलं की बोलताना ती वाजते. वर दुसऱ्या कुणाकडून नवी करून घेतली. मी तिच्याकडे जाणं सोडलं, तिने फोन सोडला, आणि दुसरा कधी बोलतो याची वाट बघत दोघं बसून राहिलो. एका दुपारी हे सगळं मी झणझणीत शब्दांत लिहून काढलं. शेवटाला मात्र हात घसरला. लिहून गेलो की ताई पूर्वी तोंडावर हात न ठेवता हसायची, ते हसू परत यावं म्हणून मी त्या कवळीचा साचा पुन्हा पुन्हा केला होता, आणि आता ती कुणासमोर तशी हसत असेल कोण जाणे. लेख नुसता जपून ठेवायचा होता, बोट पडलं 'प्रकाशित करा'वर. ताबडतोब पुसला आणि सुटलो असं समजलो. फीडमधून एकदा बाहेर पडलेलं आपण इकडे पुसलं तरी वाचकाकडे राहू शकतं, हे तू मला सांगितलं नव्हतंस (सांगितलंही असशील, मी तेव्हा बटण सरळ करत असेन).

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात ताई. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला, तर पुसलेला लेख अक्षरन् अक्षर त्यात. गेल्या खेपेला घरी आलीस तेव्हा तू तिच्या फोनवर माझं फीड लावून दिलंस, आणि तेव्हापासून ती माझं सगळं वाचते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"लिहायचं तर खरं लिही," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याचे दात डबीत पडून आहेत. त्यांनी घास चावला जात नाही."

मी कान दिला. बोलताना टक, टक वाजत होतं. माझीच कवळी होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

तिला खिडकीपाशी बसवलं, जुनी हत्यारं काढली. उजवीकडची एक दाढ कणभर उंच राहिली होती, तेवढीच. ती घासून गुळगुळीत केली, कवळी धुऊन तिच्या हातात दिली. दुपारभर ती बोलत होती आणि कसलाही आवाज नव्हता (तिचा स्वतःचा सोडून). मामीने त्या बनियनवाल्या वाचकाची हकीकत सांगितली तेव्हा ताई हसली, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते. मी चष्मा पुसायला आत गेलो.

छकुले, आम्हा दोघांच्या हट्टापुढे घरातल्या सगळ्यांनी हात टेकले होते. तू कुणाला काही न बोलता, न समजावता, एक पत्ता तिच्या फोनमध्ये टाकलास. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो. सुखी राहा, वेळेवर जेव.

तुझा,
मामा

ता. क. : हे पत्र खरं तर एका कामासाठी लिहायला घेतलं होतं. लेख टाकला रे टाकला की ताईचा फोन येतो. काल 'लहानपणी मी धीट होतो' या एका वाक्यावर तिने माझी अर्धी सकाळ खाल्ली. तिला न कळता तिच्या फोनवरून माझं फीड काढता येतं का?

आणखी ता. क. : राहू दे. आज लेख टाकून बराच वेळ झाला, अजून तिचा फोन नाही. ते फीड चालू आहे ना, तेवढं जरा बघ.