खिडकीबाहेर धरलेलं पाकीट

प्रिय खारूताई,

आधी यादी देतो, म्हणजे हे पत्र कोण लिहितंय याबद्दल शंका नको. तुझं अभ्यासाचं टेबल, खण डाव्या हाताला, कारण तू डावखुरी. आईची काठी, मूठ तिच्या पंजाच्या मापाची. तुझ्या स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल, ज्यात मी एकही खिळा मारला नाही. पगार-ऑफिसच्या भिंतीवरची शहाण्णव खणांची मांडणी, प्रत्येक खणाला पितळी आकडा, आणि त्याच ऑफिसची सरकती खिडकी, जी सतरा वर्षांत एकदाही अडकलेली नाही. शेवटी तो साचा, खुर्चीचे मागचे दोन्ही पाय एकदम धरून एकाच कोनात भोकं पाडणारा. हे सगळं मी या दोन हातांनी केलं, कुठल्याही शाळेत न शिकता केलं. यादीतल्या शेवटच्या वस्तूबद्दल एक दुरुस्ती आहे, पण ती लिहायला मला जरा वेळ लागेल.

सात आठवडे झाले. एकाच कारखान्यात तू खिडकीच्या आत, मी लाकूडखात्यात, आणि मधे साठ पावलं. माझ्या पगाराचं पाकीट तू पॉलिशवाल्याच्या हाती पाठवतेस, सही केलेली पावती मी त्याच्याच हाती परत धाडतो. परवा तो म्हणाला, "दादा, तुम्हा भावंडांचा अबोला आणि झिजतात माझ्या चपला. निदान एक जोड तरी घेऊन द्या." मी हसलो नाही. पण त्याच्या चपला खरंच झिजल्या आहेत, डावी जास्त.

सुरुवात स्टुलापासून झाली, हे तुला माहीत नसेल. थंडी पडायला लागली तेव्हा मी तुझ्याकडे आलो होतो. सवयीप्रमाणे स्टूल उलटं करून पाहिलं, तर एका पायाच्या सांध्यात चार स्क्रू. चारही चकचकीत, एक तर तिरका गेलेला. तू शेगडीकडे तोंड करून म्हणालीस, "पाय हलत होता, त्यांनी बसवून दिला. दहा मिनिटांत." त्यांनी. आपल्या कारखान्यातल्या त्या पदवीवाल्या इंजिनिअरला तू घरातसुद्धा अहो-जाहो करतेस हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस, तर म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर तू आधी लाकूड वाळत घातलं असतंस, आणि मी महिनाभर उभ्याने जेवले असते." खरं आहे ते. लाकूड वाळवायलाच हवं होतं. मग मी ओट्यावर पाहिलं. निळ्या काठाचा कप धुऊन पालथा घातलेला होता, टवका गेलेली बाजू भिंतीकडे. तो कप मी येतो तेव्हाच निघतो, असं मी बारा वर्षं धरून चाललो होतो.

माणूस पोटात जळायला लागला की त्याला सगळीकडे धूर दिसतो. तो पदवीवाला लाकूडखात्यात आला की मी त्याची नखं पाहायचो. स्वच्छ. तो मला "मास्तर" म्हणायचा तेही मला टोचायचं, वाटायचं, चिडवतोय. जेवणाच्या सुट्टीत तू त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर हसलीस, तोंडावर पदर धरून, लहानपणी माझ्या नकलांवर हसायचीस तशी. त्या दिवशी मी एका फळीवर भोक अर्धा सूत चुकवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात फलकावर बक्षीस लागलं. साच्याबद्दल. माझं नाव आणि त्याचं नाव, एकाच ओळीत, एकाच जाडीच्या अक्षरात. दोघांना छत्तीस-छत्तीस हजारांचा चेक, आणि "हा साचा आम्ही दोघांनी मिळून तयार केला" अशा मजकुराचा एक कागद, फोटोसोबत लावायला. त्याने दुपारीच चेक उचलला आणि सही केली. मी ठरवलं, आपण हात लावायचा नाही. चेक तुझ्या मांडणीत एकतीस नंबरच्या खणात पडून राहिला, ज्याचा आकडा मी स्वतः कानशीने घासलाय. माझा हिशेब सरळ होता. मी घेतलं नाही, म्हणजे मला मिळालं नाही. मिळालं नाही, म्हणजे त्याचं अर्धं श्रेय मी मान्य केलं नाही.

नव्या वर्षात पगाराची चिठ्ठी आली तर त्यात छत्तीस हजारांपुढे "दिले" असं लिहिलेलं, तारीख जुन्या वर्षाची, आणि त्यावरचा कर माझ्या पगारातून कापलेला. मी तडक खिडकीवर आलो. मागे बारा माणसं रांगेत. तू शांतपणे सांगितलंस की कामगाराच्या नावाने रक्कम वेगळी काढून ठेवली, आणि त्याला वाटेल तेव्हा कुणाच्या आडकाठीशिवाय ती उचलता येत असेल, तर ज्या दिवशी ती अशी हाताशी आली त्याच दिवशी दिली गेली, असं नियम धरतो. मग तो ती उचलो की न उचलो. मागून रंधेवाला म्हणाला, "म्हणजे दादा उपाशी राहिले तरी ताट वाढलं होतं, असंच ना ताई?" सगळे हसले. तू हसली नाहीस, हे मी पाहिलं होतं. पण त्या वेळी मला ते सोयीचं नव्हतं.

तीन रविवार मी वाचनालयात तो नियम वाचला. पहिल्या रविवारी कळलं की तुझं बरोबर आहे. दुसऱ्या रविवारी मला वाट सापडली. नियमात पुढे असंही आहे की रकमेवर एखादी खरी अट घातली असेल, तर ती अट पुरी होईपर्यंत रक्कम दिली असं धरता येत नाही. मी लगेच धरलं, तो दोघांच्या नावाचा कागद हीच अट. आधी सही, मग चेक. मी मुख्य ऑफिसला चार पानी अर्ज केला, समास सोडून, मुद्द्यांना आकडे घालून. पगारप्रमुख म्हणून तुझी बढती ठरली होती, ती अर्जामुळे अडकली. हे मला नंतर कळलं, असं मी पॉलिशवाल्याला सांगितलं. नंतर नाही, खारूताई. पाकिटाला डिंक लावताना मला ते माहीत होतं.

चौकशीत तुला विचारलं, सही मागितली होती का, त्या वेळी खिडकीत काय झालं. तू म्हणालीस, नोंद नियमाप्रमाणे आहे, बाकी दादांना विचारा. तिथे आपण दोघंच होतो, दुसरं कुणी नव्हतं. तुला एका वाक्यात मला खोटं पाडता आलं असतं.

तर काय झालं ते लिहितो, जसं झालं तसं. बक्षीस लागलं त्याच दिवशी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी खिडकीसमोरून मुद्दाम मान वळवून चाललो होतो. तू खिडकी सरकवलीस आणि डावा हात कोपरापर्यंत बाहेर काढलास, हातात एकतीस नंबरच्या खणातलं, चेकचं पाकीट. म्हणालीस, "दादा, कागदाचं राहू दे. सही नको करूस हवं तर. हे तुझं आहे, घेऊन जा." मी दोन्ही हात खिशात घातले. तू हात तसाच धरून ठेवलास. मी मनात आकडे मोजत होतो. चाळीसपर्यंत आलो तेव्हा तू हात आत घेतलास. आडकाठी कसलीच नव्हती. असलीच तर ती माझ्या खिशात होती.

आता ती दुरुस्ती. साचा माझा आहे, पण पहिल्या महिन्यात त्यात चाळीस पायांमागे सहा पाय निसटून वाया जात होते. पदवीवाला एका सकाळी जवळ उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, पाचर उलटी बसवली तर? पातळ टोक आत." मी त्याला उडवून लावलं. तो गेल्यावर पाचर उलटी बसवली. त्यानंतर आजपर्यंत एकही पाय वाया गेलेला नाही. हे मी कुणाला बोललो नव्हतो, चार पानी अर्जातही नाही. त्याचा हेवा मला आजही वाटतो, तो पत्र लिहून जाणारा नाही. पदवीवाला तुझ्याकडे येणार असेल तर येऊ दे. चहाही दे, फक्त त्या कपात नको. आणि तिरका गेलेला स्क्रू मी येऊन काढणार आहे, त्याला बोलण्याचं कारण नाही.

हे सगळं आज लिहितोय, कारण सोमवारी चौकशीचा शेवट आहे आणि तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. काल मुख्य ऑफिसच्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांना कटकट मिटवायची आहे. म्हणाले, चूक कारकुनाची होती असं दाखवू. मास्तर, तुम्ही एवढंच लिहून द्या की सही केल्याशिवाय चेक देणार नाही असं पगार-ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं होतं. मग नोंद नव्या वर्षात घेऊ, कापलेला कर परत करू आणि साच्यावर पितळी पाटी लावू, एकट्याच्या नावाची, आणि वर पंचवीस हजार देऊ. ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली, अगदी स्क्रूच्या खाचांसकट, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग मी अर्ज मागे घेतला आणि वर खिडकीची हकीकत लिहिली आहे तशीच, वेळेसकट, त्यांना लिहून दिली. जे नाकारलं ते असं होतं: ती पाटी, कापलेला कर, आणि वरचे पंचवीस हजार; बक्षिसाचे छत्तीस हजार तर त्या खणात आधीपासून माझेच होते.

तुझाच,
दादा