नकाशातली कोरी जागा

११ फेब्रुवारी
तीन दिवस सड्यावर. टाचांची सालं निघाली. कातळावर आता बघायला काही नाही, वाळकं गवत नि ऊन. तरी फॉर्मवर 'पडीक' लिहायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत भांडून घेतलं होतं. 'सडा' असा वेगळा कोड, राखाडी रंग. तालुक्याचा एकेक तुकडा पायाखाली घालायचा, तो सडा की शेत की बाग की कांदळवन ते ठरवायचं आणि त्याला रंग द्यायचा. पुढे कुणी रस्ता, हॉटेल, काहीही आखायला बसलं की आधी हा नकाशा उघडणार. निदान साहेब तसं म्हणतात. कॉलेजात तासिकेवर शिकवण्यापेक्षा बरंच बरं.
उद्या आमच्याच गावी. देवाची राई तेवढी राहिली.

१२ फेब्रुवारी
राईच्या तोंडाशी नाना गुरव. मला लहानपणापासून ओळखतात, म्हणून ऐकून तरी घेतलं. जीपीएस हातात घेऊन उलटसुलट बघितला, परत दिला.
"देवाक इचारल्याशिवाय आत पाय ठेवचो नाय, गो चेडवा."
त्यांच्यासाठी मी अजून चेडूच, पोर. दोन तासांचं काम आहे म्हटलं. फांदी मोडणार नाही, पान तोडणार नाही.
"तू शिकलेली आसस, माका कळता. पण ही राय तुझी नाय नि माझी पण नाय."
उद्या कौल लावणार. साहेबांना फोनवर सांगितलं, परवानगी बाकी आहे. कोणाची ते नाही सांगितलं.

१३ फेब्रुवारी
नानांनी देवळातल्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलं. आपलाच चेडू, आपल्याच गावचा, राय मोजूक इला, सरकारी काम आसा, होय तर उजवो दी, नाय तर डावो. मागे आम्ही पाच-सहा जण "होय म्हाराजा". मी पण. एम.एस्सी. झालेली बाई हात जोडून "होय म्हाराजा".
डावा पडला. लगेच. वारा नव्हता.
नाना म्हणाले, "देव नाय म्हणता." संपलं. कुणी वाईट वाटून घेतलं नाही, चहा झाला.
फॉर्मवर लिहिलं: प्रवेश नाही, माहिती नाही. कोडची चौकट कोरी ठेवली. पाहिलंच नाही तर रंग कसा देऊ? खरं सांगायचं तर बरं वाटलं. तालुक्यात एक जागा तरी माझ्या रंगाशिवाय राहिली.

१८ मार्च
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कणकवलीत. चिडचिड चालू, हिरवी पट्टी हवी म्हणे, पांढरी का बांधली. थेंब दर दोन तासांनी, दोन बाटल्या, मध्ये पाच मिनिटं सोडायची. गॅस संपला. ऑफिसातून मेघनाचा फोन दोनदा, एका तुकड्याला रंग नाही, नकाशा पुढे सरकत नाही म्हणते. म्हटलं भर काहीतरी, मी नंतर बघते. आई जेवली नाही. पेज दिली.

३१ मार्च
शेवटचा दिवस. प्रशस्तिपत्र आणि कुंडीतलं रोप, तेही परदेशी. साहेबांचं भाषण: आता या तालुक्यात एक इंच जागा अशी नाही की जी आपल्याला माहीत नाही. टाळ्या. मीही वाजवल्या.

९ मे
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आराखडा लावलाय. खाली आपला नकाशा, वर त्यांच्या रेघा. गावातल्या तळ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी पार्किंग आणि सुविधा केंद्र.
राईत.
आधी वाटलं मी चुकीचं वाचतेय. बोट ठेवून व्हाळाची निळी रेघ शोधली, मग देऊळ, मग पायवाट. राईच. आणि खाली रंग पिवळा. पिवळा म्हणजे काजू बाग. सरकारी जमीन, वर काजूची झाडं, हरकत कोण घेणार?
हरकती ६ जूनपर्यंत.

१२ मे
ऑफिस. मेघनाने कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. कोरा तुकडा चालतच नाही. शेजारी काय आहे ते बघून तोच रंग भरायचा. तीन बाजूंना काजू, म्हणून काजू.
मी विचारलं, मला न विचारता?
तिने माउस सोडला. "मॅडम, मी दोनदा फोन केला होता. तुम्हीच म्हणालात, भर काहीतरी."
घरी येऊन ही वही काढली. १८ मार्च. आहे. माझ्याच अक्षरात, गॅस आणि पेजेच्या मध्ये.


१३ मे
आईला सांगितलं. "मगे सायबाक सांगूचा मा, चुकला म्हणान." इतकं सोपं.
साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. खुर्ची दिली, पाणी मागवलं. "तुमच्याच नकाशावर तुमचीच हरकत? घ्या. पण पुरावा लागेल. हद्द, झाडांची यादी, फोटो. भावनेवर रंग बदलत नाही."

१९ मे
गावाने अर्ज दिला होता, सह्या, अंगठे, सगळं. देवाची राई आहे म्हणून. उत्तर आलं: सदर ठिकाणी नकाशात राई आढळत नाही.
वाडीतलं कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. हे सहन होत नाही. विहिरीवर बायका बाजूला सरून मला आधी पाणी काढू देतात. त्या विहिरीला पाणी येतं ते राईतल्या व्हाळाचं, आणि मे उलटत आला तरी येतंय.

२८ मे
परत कौल, आता तरी आत जाऊ का म्हणून. नाना तयार नव्हते. एकदा सांगितलेलं परत विचारायचं नसतं. मीच पाया पडले, देवाच्या नव्हे, नानांच्या.
गाऱ्हाण्यात सगळं घातलं. नकाशा, पार्किंग, माझी चूक. नानांनी चूक म्हटलं नाही, "चेडवाच्या हातून रवलां" म्हटलं. राहून गेलं, इतकंच.
पाकळी पडली नाही. ना उजवी, ना डावी. तास झाला, सव्वा तास. माणसं उठून गेली, कुणाला गुरं सोडायची होती, कुणाला भाकरी करायची. पाकळी सुकून तिथेच.
"देव गप आसा," नाना म्हणाले.
डावा पडला असता तर रागावता तरी आलं असतं.

३१ मे
एकटी गेले. कुंपण नाही, कुलूप नाही, नाना घरी झोपलेले. चपला काढल्या. दोन पावलं टाकली असती की झालं असतं.
उभी राहिले आणि परत आले. देवाची भीती नाही, हे मी मला अनेकदा तपासून विचारलंय. नानांना कळेल म्हणूनही नाही. त्यांनी कळूनही मला काही विचारलं नसतं, म्हणून.
कुणी आत जात नाही म्हणून ती राई उरली. आणि कुणी आत गेलं नाही म्हणून जाणार. हे कुठल्या फॉर्मवर लिहू?

१ जून
बाहेरून पूर्ण फेरी मारली, जीपीएस चालू ठेवून. हद्द आली. बावीस मिनिटं. आत जायची गरजच नव्हती. हे फेब्रुवारीत सुचलं असतं तर निदान रेघ तरी असती, 'राई' लिहिलेल्या रेघेला मेघनाने काजू म्हटलं नसतं. इतकी वर्षं मुलांना नमुने कसे घ्यायचे ते शिकवलं. थू माझ्या शिकवण्यावर.

२ जून
नानांनी बोलावलं. देवळाच्या पायरीवर बसले, डोळे मिटले.
"लिव."
वर्षातून एकदा त्यांना आत जाता येतं, दिवा ठेवायला. बापाबरोबर गेले तेव्हापासूनचं सगळं डोक्यात. वाटेने जावं तसं सांगत गेले. तोंडाशी काजरो. मग दोन किंजळी, एक वीज पडून अर्धी. सुरंगी. भेरलो माड. रानटी जायफळ, तेच्या बुडाक झरो. गारंबीची येल, "तुझ्या घराएवढी जाडी नाय, पण तुझ्यापेक्षा जाड आसा." एका ठिकाणी थांबले. "हयसर एक सातवीण होती. गेल्या वरसाक दिसूक नाय. ती लिव नको."
मी सदतीस नावं लिहिली. दोन मला माहीत नाहीत. इतकी चांगली यादी मी कधी केली नाही.
निघताना म्हटलं, नाना, तुम्ही सही करा. हसले. "माका कोण इचारता?"

५ जून
फॉर्म भरला. हद्द जोडली. यादी जोडली. फोटो बाहेरून काढलेले चार. शेवटचा रकाना वाचलाच नव्हता.
'निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहिले: होय / नाही.'
मेघनाला फोन केला. नाही लिहिलं तर अर्ज टेबलावरूनच परत येतो म्हणाली. गुरवाचं चालेल का? निरीक्षक नाहीत ना ते, मॅडम. मग हळूच म्हणाली, होय करा, कोण बघायला जातंय.
कोणीच जाणार नाही, हे खरंच.
फेब्रुवारीत मी खरं लिहिलं होतं, माहिती नाही. त्याचं काय झालं ते भिंतीवर लावलंय. आणि आता होय लिहिलं तर नानांची सदतीस झाडं माझ्या खोट्यावर उभी. सुनावणीत एकाने विचारलं, बाई, झरा कुठल्या बाजूला, की संपलं. मग राई पण खोटी, नाना पण खोटे.

६ जून
कणकवली स्टँड. सकाळचे आठ. हरकतींची आज शेवटची तारीख. जिल्ह्याच्या ऑफिसची गाडी साडेआठची, खिडकी अकराला उघडते, एकला बंद.
निघताना नाना वाटेवर उभे होते. पिशवीत एक शहाळं घातलं. "देव बघून घेतलो," म्हणाले. देव बघून घेईल! मला ओरडावंसं वाटलं की देव गप आहे, नाना, तुम्हीच सांगितलंत.
फॉर्म मांडीवर आहे. बाकी सगळं भरलंय, तेवढी चौकट सोडून. पेन तीनदा टेकवलं.
कोरी सोडली तर काय होतं, ते मला माहीत आहे.
गाडी लागली.